समुपदेशक आपल्यातलाच हवा का?



गेल्या महिन्यात मंडळाचा भक्तामर पाठ संपल्यावर एक बाई चप्पल घालता घालता माझ्याजवळ रेंगाळल्या. बाकीच्या पुढे गेल्या याची खात्री करून हळूच म्हणाल्या, "वहिनी, आपल्यातली कुणी काउन्सेलर आहे का हो ओळखीची? मुलीसाठी हवी होती. म्हणजे आमच्या नात्यातल्या एका मुलीसाठी." मुलीची नात्यातली मुलगी व्हायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. मी काही विचारलं नाही. मिरजेच्या एका बाईंचा नंबर दिला. नाव ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "आपल्यातल्या नाहीत होय? मग आपलं त्यांना काय कळणार?"

अगदी हेच, याच शब्दांत, दोन वर्षांपूर्वी मी म्हणाले होते. म्हणून आज त्यावर लिहायला बसले आहे. लिहिते आहे ते माझ्या धाकट्या सुनेविषयी. तिला विचारून लिहिते आहे. तिनं मजकूर वाचला, दोन ठिकाणी खोडला, आणि एका ठिकाणी समासात लिहिलं, "आई, इथे तुम्ही स्वतःला फार सवलत दिली आहे." ते मी दुरुस्त केलं.

तिचं माहेर निपाणीकडचं. घरात कानडी, शाळा मराठी. त्या वर्षी चैत्रात तिची आई गेली. आजार असा काही नव्हता, सकाळी अभिषेकाला जाऊन आली आणि दुपारी गेली. सुतक संपल्यावर सून परत सांगलीला आली. दिवसभर काम करायची आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडायची. मुलगा फिरतीवर असला की मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तिसऱ्या-चौथ्या रात्री मी उठून गेले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "रडू नको बाळ. आर्तध्यान होतं. असातेचा बंध पडतो. णमोकार म्हण, शांत वाटेल."

यातला एकही शब्द चुकीचा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात दुःख, शोक, आक्रंदन ही असातावेदनीय कर्माच्या आस्रवाची कारणं सांगितली आहेत, आणि इष्टवियोगाचं चिंतन हे आर्तध्यान, हे मी स्वतः पाठशाळेत मुलींना कित्येक वर्षं शिकवलंय. तिलाही ते पाठ होतं. तिनं डोळे पुसले. त्या रात्रीनंतर मला तिचं रडणं ऐकू आलं नाही. मला वाटलं, सावरली पोरगी.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. तिनं दहाही दिवसांचे उपवास केले. आमच्या घरात तोवर कुणी केले नव्हते. मी काय सांगू, माझी मान किती ताठ झाली होती! अनंत चतुर्दशीनंतर पारणं झालं, समाजानं शाल-श्रीफळ दिलं, मिरवणूक निघाली, आम्ही मंडप घालून जेवण दिलं. पुढे अष्टमी-चतुर्दशी धरली, मग मधल्या दिवशी एकाशन, मग दिवसाआड उपवास. आपल्या घरांत एक गोष्ट आहे बघा. एरवी सून जेवली नाही तर चार जणं विचारतात. उपवास आहे म्हटलं की कुणी विचारत नाही, उलट हात जोडतात. अश्विन आला तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या. सात किलो वजन उतरलं होतं. मुलाचं माझ्याआधी लक्ष गेलं, हेही लिहायला हवं.

त्यानं कुणाकुणाला विचारून एका मोठ्या शहरातल्या समुपदेशकाची ऑनलाइन वेळ घेतली. पाऊण तास बोलणं झालं. सून खोलीतून बाहेर आली, लॅपटॉप मिटला आणि सरळ भाकऱ्या थापायला बसली. दोन-तीन भाकऱ्या झाल्यावर म्हणाली, "आई, त्यांना वाटतं तुम्ही मला उपाशी ठेवता."

हळूहळू कळलं ते असं. उपवास ऐकल्यावर तिकडून पहिलाच प्रश्न आला की हे तुम्हाला कुणी करायला लावलं. एकत्र कुटुंब म्हटल्यावर दुसरा सल्ला आला की स्वतःभोवती मर्यादा आखून घ्या, सासूला "नाही" म्हणायला शिका, जमलं तर वेगळं बिऱ्हाड करा. उपवास आजपासून बंद. सून प्रत्येक वाक्याला "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिली. आपण बायका मोठ्या माणसाला, शिकलेल्या माणसाला "हो" म्हणतो, ते कबुलीचं नसतं, मान राखण्याचं असतं. पलीकडच्या बाईंना ते पटल्यासारखं वाटलं असणार. आईचं नाव त्या पाऊण तासात आलंच नाही. सुनेनं काढलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

मी त्यांच्यावर फार चिडले होते. आज तेवढी चिडत नाही. वजन उतरणं गंभीर आहे, हे त्यांना एका बैठकीत दिसलं, मला दोन महिने दिसलं नव्हतं. पण त्यांच्या हाती एक तयार साचा होता, आणि सुनेला त्यांनी त्यात बसवलं. उपवास म्हणजे जबरदस्ती, सासू म्हणजे छळ, रोज देवळात जाणारी म्हणजे दबलेली. आणि माझ्या हाती दुसरा साचा होता. उपवास म्हणजे तप, न रडणं म्हणजे समता. दोघींनीही त्या पोरीला विचारलं नाही की तुझं काय चाललंय.

मग मी माझ्या परीनं शोध सुरू केला. आपल्यातली कुणी. समाजात एक जण होत्या, शिकलेल्या, चांगल्या. मी नाव काढलं तर सून पहिल्यांदाच ठामपणे बोलली. "नको. त्यांच्या जाऊबाई तुमच्या भिशीत आहेत." मी म्हणाले, त्या कुणाला सांगायच्या नाहीत. ती म्हणाली, "नाही सांगणार. पण पर्वात त्या माझ्या शेजारी पूजेला बसतील तेव्हा मला कळेल ना, की त्यांना माहिती आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपला समाज लहान आहे. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, सगळीकडे कुणी ना कुणी नात्यातलं निघतंच. लग्न जमवताना हेच आपल्याला उपयोगी पडतं आणि मन मोकळं करताना हेच आडवं येतं.

पुढे माझ्या भाचीनं, ती मानसशास्त्रात एम.ए. करतेय, मिरजेच्या या बाईंचं नाव सुचवलं. धर्म वेगळा, आडनाव वेगळं, आणि पहिल्या दिवशी बाहेरच्या खोलीत भिंतीवर तसबीर वेगळ्या देवाची. मी पर्समध्ये जपमाळ घट्ट धरून बसले होते, आता हसू येतं. आमचे हे तर फी ऐकून म्हणाले, "तासाला हजार रुपये, नुसतं बोलायचे?" मी बी.कॉम. आहे. घरी आल्यावर वही काढून त्यांना दाखवलं की उपवासाच्या सत्काराला, मंडपाला आणि जेवणावळीला आपण किती घातले, आणि त्यात या बाईंकडच्या किती बैठका झाल्या असत्या. त्यानंतर त्यांनी हिशेब विचारला नाही.

या ताईंनी पहिल्या भेटीत काय केलं? (मी आत नव्हते. सुनेनं सांगितलं तेवढंच सांगते.) त्यांनी आधी सांगितलं की तुमच्या घराबद्दल, धर्माबद्दल मला नीट माहिती नाही, चुकले तर थांबवा. मग विचारलं, "हे जे होतंय, त्याला तुम्ही तुमच्या भाषेत काय म्हणता?" सून म्हणाली, पोटात गोळा येतो, जेवण पुढे आलं की जीव नको म्हणतो. "आईशी बोलताना असतंत तर काय म्हणाला असतात?" आणि तिथे ती कानडीत काहीतरी बोलली आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा रडली. त्या ताईंना कानडी येत नाही. त्यांनी अर्थ विचारला नाही. रडू दिलं.

भाची म्हणाली, आत्या, याला शास्त्र आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली निदानाचं जे पुस्तक काढलं, डीएसएम-५, त्यात सोळा प्रश्नांची एक मुलाखतच दिली आहे. या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तुमच्या घरचे काय समजतात, तुमच्या मते तो कशानं झाला, आधार कुणाचा वाटतो, असे प्रश्न. शेवटचा तर असा की, तुमची-माझी पार्श्वभूमी वेगळी आहे, त्यामुळे तुमचं मला कळणार नाही अशी काळजी वाटते का? म्हणजे चप्पल घालता घालता त्या बाईंनी मला जे विचारलं, ते समुपदेशकानंच आपणहून विचारायचं असतं. मला हे फार आवडलं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी उपवासाचा विषय काढला. बंद करा म्हणाल्या नाहीत. विचारलं, "मागच्या वर्षी उपवास केला तेव्हा संध्याकाळी कसं वाटायचं? या वर्षी कसं वाटतं?" सुनेनं उत्तर दिलं ते मला घरी येऊन सांगितलं, आणि ते मी कधी विसरणार नाही. "आधी प्रतिक्रमण झालं की हलकं वाटायचं आई. या वर्षी काहीच वाटत नाही. फक्त कुणी जेव म्हणत नाही एवढं बरं वाटतं."

एवढ्या एका प्रश्नात तप आणि दुखणं वेगळं झालं. पहिल्या समुपदेशकाला ते जमलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं सगळाच उपवास दुखणं होता. मला जमलं नाही, कारण माझ्या दृष्टीनं सगळाच तप होता. माझ्याकडे तर जन्मभराचं ज्ञान होतं. आपल्यातली असून मला कळलं नाही, आणि परकी असून त्यांना कळलं, कारण त्यांनी विचारलं.

मग त्यांनी विचारलं, उपवासाबद्दल तुम्ही कुणाचं ऐकाल? सासूचं नाही, डॉक्टरांचं नाही, माझंही नाही, हे मला दिसतंय. सून म्हणाली, माताजींचं. तेव्हा गावात आर्यिका माताजींचा चातुर्मास सुरू होता. आम्ही गेलो. माताजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, सोळा कारण भावनांत "शक्तितस्तप" आहे, त्यातला "शक्तितः" विसरलीस का? उद्यापासून दोन वेळ जेवायचं, हाच तुझा नियम. घरी येताना रिक्षात सून म्हणाली, "आज भूक लागलीय." समुपदेशकानं धर्म बाजूला ठेवायला सांगितला नाही, धर्मातूनच वाट काढली. आणि ती वाट त्यांना ठाऊक नव्हती, सुनेला ठाऊक होती. त्यांनी फक्त ती विचारून घेतली.

एक चांगलं केलं त्यांनी, आधी रक्त तपासून घ्यायला लावलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. मग मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे गोळ्या सुरू झाल्या, काही महिने होत्या. त्यातही एक गंमत झाली. पहिल्या चिठ्ठीत कॅप्सूल होती. सुनेनं आठवडाभर घेतलीच नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून येतं, हे आपल्या घरातल्या मुलींना माहीत असतं. शिवाय वेळ लिहिली होती रात्री जेवणानंतर. आमच्याकडे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांना वाटलं असतं औषध लागू पडत नाही, म्हणून मात्रा वाढवली असती. ताईंनी सहज विचारलं, "औषध घेताना काही अडचण?" तेव्हा उलगडा झाला. डॉक्टरांनी गोळीच्या रूपातलं औषध दिलं आणि वेळ सकाळची केली. दोन मिनिटांचं काम. पण मैत्रिणींनो, असं काही असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःच बंद करू नका. ही औषधं एकदम सोडणं धोक्याचं असतं.

आता मी जिथे चुकले त्याकडे येते. त्या हिवाळ्यात दुपारी स्वाध्यायाला रविषेणाचार्यांचं पद्मपुराण चालू होतं. लक्ष्मण गेल्यावर राम त्याचं शव सहा महिने खांद्यावर घेऊन हिंडतो, त्याला न्हाऊ घालतो, जेवू घालायला बघतो, तो भाग आला. बिभीषण, सुग्रीव सगळे येतात. बिभीषण संसाराच्या अनित्यतेवर उत्तम उपदेश करतो. एक शब्द खोटा नाही. रामाला तो ऐकूच येत नाही. मग दोन देव येतात. एक कृतांतवक्त्राचा जीव, रामाचा जुना सेनापती, ज्यानं दीक्षा घेताना रामाला वचन दिलं होतं की संकटात येऊन जागं करीन. दुसरा जटायूचा, ज्याला रामानं शेवटच्या क्षणी णमोकार ऐकवला होता. ते उपदेश करत नाहीत. एक वाळलेल्या झाडाला पाणी घालत बसतो, एक खडकावर बी पेरतो, पाणी घुसळतो, वाळूतून तेल काढायला बघतो. राम म्हणतो, अरे वेड्या, यातून काय निघणार? शेवटी ते एक मढं खांद्यावर घेऊन रामासमोर येतात. आणि राम स्वतःच पाहतो.

वाचताना माझा आवाज थांबला. बायकांना वाटलं चष्मा धूसर झाला. मला दिसत होतं की त्या रात्री सुनेच्या उशाशी बसलेली मी बिभीषण होते. शास्त्र बरोबर, वेळ चूक, आणि ऐकणाऱ्याला माझ्याशी बोलायला जागाच नाही. ते दोन देव रामाचे जुने ऋणानुबंधी होते आणि त्यांनी रामाला त्याच्या स्वतःच्या तोंडून उत्तर बोलायला लावलं. भाचीला मी ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली जवळपास हेच लिहून ठेवलंय. माणूस बदलतो तो सल्ल्यानं नाही, तर समोरच्यानं त्याला अट न घालता स्वीकारलं, त्याच्या जागी उभं राहून पाहिलं आणि खोटेपणा केला नाही, तर बदलतो. पद्मपुराण सातव्या शतकातलं आहे एवढंच मी तिला नम्रपणे सांगितलं.

आपल्याकडच्या डॉक्टरांनीही हा विचार केला आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही आवारात तंबू ठोकून राहायला लावलं होतं. त्या काळात रुग्णाला कोंडून नातेवाइकांना फाटकाबाहेर ठेवायची पद्धत होती. आणि डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली मांडलं की भारतीय माणूस मन मोकळं करायला येतो तेव्हा त्याच्या मनात गुरू-शिष्याचं नातं असतं, त्याला कोरडं अंतर ठेवून बसलेला तज्ज्ञ परका वाटतो. मला हे पटतं, पण अर्धंच. कारण गुरू म्हटलं की आपण "हो मॅडम" वर येतो. गुरूला कुणी म्हणतं का की तुमचं चुकतंय?

पण गुरू कसा असावा, याचं उत्तर आपल्याच ग्रंथात सापडतं. शिवार्यांच्या भगवती आराधनेत, ज्याच्यापाशी क्षपकानं आपले दोष उघडे करायचे, त्या निर्यापक आचार्याचे गुण सांगितले आहेत. त्यातला एक गुण अपरिस्रावी. म्हणजे न पाझरणारा. तापलेल्या लोखंडानं प्यालेलं पाणी जसं परत बाहेर येत नाही, तसं त्याच्यापाशी सांगितलेलं बाहेर येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहेत, ते असायलाच हवेत. पण कायदा डॉक्टरला बांधतो, सासूला नाही. आणि खरं पाझरतं ते आपल्या घरात. सून बैठकीहून आली की मी पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायची, "काय म्हणाल्या मग?" सहज विचारते असं मला वाटायचं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आई, तुम्ही विचारलं की मी पुढच्या वेळी काय बोलायचं ते आधीच गाळून घेते." त्या दिवसापासून मी फक्त पाणी देते.

त्याच ग्रंथपरंपरेत आलोचनेचे दहा दोष आहेत. त्यातला छन्न हा दोष म्हणजे स्वतःचं लपवून, कुणी असं केलं तर काय, असं आडून विचारणं. बहुजन म्हणजे मनासारखं ऐकायला मिळेपर्यंत दहा जणांना विचारत हिंडणं. वाचा कधीतरी, आपण सगळ्या त्यात सापडू. पण इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ती मी स्वतः उशिरा शिकले. आलोचना दोषाची असते. माझ्या सुनेनं काही दोष केला नव्हता. तिची आई गेली होती. ज्या मनाला आधीच सगळं आपलंच चुकलं असं वाटतंय, त्याला कर्माचा सिद्धांत काठीसारखा लागतो. तुझ्याच कर्माचं फळ, हे वाक्य दुखऱ्या माणसाला म्हणायचं नसतं, ते आपल्या स्वतःला म्हणायचं असतं.

पाचव्या की सहाव्या बैठकीला ताईंनी मला आत बोलावलं. सुनेची परवानगी घेऊन. मी तयारी करून गेले होते, मी काय काय केलं तिच्यासाठी, याची यादीच होती डोक्यात. त्यांनी ती मागितलीच नाही. म्हणाल्या, "काकू, तुमच्या आई गेल्या तेव्हा तुम्ही कुठे रडलात?"

कधी, असं नाही विचारलं. कुठे, असं विचारलं. आपल्या घरांची रचना त्यांना बरोबर कळली होती. माझी आई १९९४ साली गेली, पर्वाच्या आदल्या दिवशी. घरात पाहुणे, पूजेची तयारी, सासूबाई म्हणाल्या, आता सुतकाचं कसं करायचं बाई. मी मोरीत नळ सोडून रडले होते. बादली भरेपर्यंत. दोन बादल्या भरल्या. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. त्या खोलीत सांगितलं. सून माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं माझा हात धरला. सासूचा हात सुनेनं धरायची पद्धत नाही आमच्यात, पाया पडायची आहे.

त्यानंतर ताई फार बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी तिच्या आईच्या पद्धतीच्या शेंगापोळ्या केल्या. तिच्याकडे गूळ जास्त आणि खसखस घालतात. पहिल्या चार फाटल्या. आई कशी लाटायची ते सांगताना ती रडली, मी लाटत राहिले, आणि आर्तध्यान हा शब्द मी तोंडातून काढला नाही.

आता माझं मत. समुपदेशक आपल्यातलाच असावा, हा हट्ट सोडा. आपल्यातला असेल तर त्याला सांगावं लागत नाही हे खरं, पण त्याचमुळे तो विचारतही नाही. त्याला वाटतं मला माहीत आहे. मला पण तसंच वाटलं होतं. पाहायचं ते एवढंच की समोरची व्यक्ती शिकलेली आहे का, आणि विचारते का. शिक्षणाबद्दल निःसंकोच विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. चार दिवसांचं शिबिर करून पाटी लावणारेही आहेत, आणि त्यात आपले लोकही आहेत. दोन-तीन बैठकांत मन बसलं नाही तर सांगून बदला, त्यात कुणाचा अपमान नाही. अगदीच कुणाकडे जाता येत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, १४४१६ हा नंबर, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि समुपदेशक कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही सांगणं आहे. आमच्या घरात सून एकटी नसते. तिचं जेवण, झोप, औषधाची वेळ, सगळं सात माणसांच्या घड्याळात बसवलेलं असतं. तिला फक्त "नाही म्हणा" सांगून घरी पाठवलंत तर ते "नाही" ती कुठे ठेवणार? पण याचा अर्थ प्रत्येक वेळी घरच्यांना आत बोलवा असाही नाही. जिथे हात उगारला जातो, धमक्या आहेत, हुंड्याचा त्रास आहे, तिथे सासू-सुनेला एका खोलीत समोरासमोर बसवणं हे समुपदेशन नव्हे. ती तिथे खरं बोलणार नाही आणि बोललीच तर घरी गेल्यावर भोगेल. तिथे आधी तिची सुरक्षितता. संस्कृती, घराणं, समाज काय म्हणेल, हे शब्द तिथे कुणी काढले तर मी तरी ऐकून घेणार नाही. माझ्याकडेही दोन-तीन घरं आहेत डोळ्यांसमोर, जिथे धर्माच्या नावावर झाकून ठेवलं गेलं. त्यांच्याबद्दल लिहायचा मला अधिकार नाही.

सून आता बरी आहे. या पर्वात तिनं दोनच उपवास केले, पहिला आणि शेवटचा, मधले आठ एकाशन. सत्कार नाही, मंडप नाही. एका बाईंनी मला विचारलंच, "या वर्षी कमी केले होय हो?" मी म्हणाले, "शक्तितः."

त्या चपलांजवळच्या बाईंचा परवा फोन आला. मुलीला, म्हणजे मुलीलाच, घेऊन जाताहेत, येत्या गुरुवारी. त्यांना विचारायचं होतं की संध्याकाळची वेळ दिली आणि जेवायला उशीर झाला तर काय करायचं. मी म्हटलं, साडेतीनची मागून घ्या, देतात. मुलीला एकटीलाच आत सोडा. बाहेर बाक आहे, पंखा जरा आवाज करतो. विणकाम घेऊन जा, तास मोठा वाटतो.